खारवाडीवरील कोरड्या ढगाची बखर

नमन धुळीच्या कणास. तो राजाच्या नाकात जातो आणि हमालाच्याही नाकात जातो, मध्ये कोणी दरवान त्यास अडवीत नाही, सबब प्रथम वंदन त्यासच केले, देवादिकांस पुढे सवडीने करू. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, माघ वद्य पंचमीपासून पुढल्या चैत्रापर्यंत एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे आणि पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. वाचता वाचता कोणास आपलेच राज्य आठवले तर त्यात दोष आमचा नव्हे, राज्याचा होय.

ऐसियास, या राज्यास पश्चिमेस समुद्र, आणि समुद्रावरील हवेत काय तरंगते याची खबर असावी म्हणोन श्रीमंत महाराजांनी नभोकचेरी नामे मोठी कचेरी घातली होती. आकाशात दोनअडीचशे कोस उंच उपग्रह नामे एक हरकारा फिरे, तो रोज दुपारी दीडाच्या सुमारास राज्यावरून जाई, आणि खालच्या समुद्राचे चित्र काढून धाडी, आणि रजा मागत नसे, बढती मागत नसे, कोणाचा जावईही नसे, म्हणोन एकटा तोच आपले काम नीट करी. समुद्र वरून पाहता काळा दिसतो, आणि त्यावर धूळ, धूर जे काही तरंगेल ते उजळ दिसते, जैसे काळ्या घोंगडीवर पीठ सांडले असता लपत नाही. किती उजळ दिसते यावरून किती धूळ हे काढावयाचे आणि वहीत लिहावयाचे. परंतु ढगही उजळच दिसतो. आणि मागे एके साली श्रावणातला एक भला थोरला ढग चुकोन धुळीत मोजला गेला, आणि राजेरजवाड्यांच्या परिषदेत हे राज्य सर्वांत धुळकट ठरले, आणि महाराज पानसुपारी न घेता उठोन आले. मग नभोकचेरीचे मुख्य त्रिंबकराव, ज्यांची परदेशची पदवी कचेरीत एका भिंतीवर आणि घरी दुसऱ्या भिंतीवर टांगलेली असे, त्यांनी ढगचाळण नामे युक्ती काढिली. अमुक एका मापाहून जे अधिक उजळ ते सर्व ढग समजावे, आणि ढग म्हणोन हिशेबातून काढून टाकावे. आणि महाराजांचा राग पुन्हा पाहणे नको म्हणोन ते माप त्यांनी इतके खाली बसविले, की थोडी धूळ ती धूळ आणि फार धूळ तो ढग, ऐसा कायदा जाहला. त्याच साली राज्याचा समुद्र सर्वांत निर्मळ ठरला, आणि महाराजांस पदक मिळाले, आणि त्रिंबकरावांस शालजोडी मिळाली, आणि चाळणीस कोणी हात लावू नये ऐसा रिवाज पडला.

आता खारवाडीचे वर्तमान. खारवाडी ही समुद्रकाठची कोळ्यांची वस्ती, पाऊणशे उंबरा. वस्तीत एक विहीर, तिचे पाणी माघ लागला म्हणजे खारे होई, तोंडात धरवत नसे, सबब सरकारी टँकर रोज दोन येत आणि वस्ती त्यावर तगून राही. वस्तीच्या उत्तरेस महाराजांचे मेहुणे सर्जेराव यांचा धक्का, समुद्रात पाव कोस आत गेलेला. सर्जेरावांस चुनखडीची भुकटी जहाजात भरण्याचा परवाना होता. भुकटीचे ढीग उघड्यावर डोंगराएवढे पडलेले, आणि यंत्राच्या फावड्याने ती उचलोन जहाजात ओतीत, आणि उत्तरेचा वारा सुटला म्हणजे पांढरा लोट धक्क्यावरून निघे तो समुद्रावरून खारवाडीवर येई. वलांडीवर म्हणजे बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील मैद्यात घोळल्यासारखे होत, नुसते तव्यावर टाकावयाचे बाकी. म्हातारे खोकत आणि तरणेही खोकत. अर्ज केले तर उत्तर येई, की नभोकचेरीच्या वहीप्रमाणे तेथे धूळ नाही. आणि ते खरेच होते. वहीत धूळ नव्हती. वहीत माघ वद्य पंचमीपासून रोज एकच शब्द होता, ढग.

इथवर नुसती नाके भरली होती, पुढे घसेही कोरडे पडले. ते ऐसे, की जलकचेरीत एक नियम होता, ज्या गावावर नभोकचेरी लागोपाठ पंधरा दिवस ढग लिहील त्या गावी पाऊस जाहला ऐसे मानावे आणि टँकर बंद करावा. नियम लिहिणाराने पावसाळा मनात धरिला होता. माघात पंधरा दिवस ढग कोण लिहील हे त्याच्या बापजन्मी त्यास सुचते ना. सोळावे दिवशी खारवाडीचे दोन्ही टँकर बंद जाहले, आणि वर जलकचेरीचे पत्र आले, की चालू साली तुमच्याकडे पर्जन्यमान उत्तम आहे, तरी पाणी जपून वापरावे.

वस्तीत धाकूबाई नामे बाई होती, वय साठ. नवरा समुद्रात गेला तेव्हांपासून स्वतः होडी हाकारी, आणि बाजारात दर पाडून मागणारांस तोंडाने वाळवीत असे. तिने ते पत्र वाचवून घेतले आणि पदर खोचून जलकचेरीत गेली. तेथले कारकून म्हणाले, ढग आम्ही करीत नाही, ढग नभोकचेरी करिते, तिकडे जा. ती तिकडे गेली. तेथे चिमाजी नामे चित्रपारखी बसे. पारखी म्हणजे आलेले चित्र न्याहाळून वहीत लिहिणारा. हा शाळा अर्धी सोडलेला, जुनी चित्रे पाहून पाहून आपणच शिकलेला, आणि अकरा अकरा महिन्यांच्या कराराने नऊ वर्षे तात्पुरता राहिलेला. कचेरीत काम येणारा तो एकटाच, म्हणोन त्यास कायम करणे कोणास परवडत नव्हते. त्याने धाकूबाईस त्या दिवसाचे चित्र दाखविले. बाईने उपग्रहाचे चित्र जन्मात पाहिले नव्हते, परंतु किनारा तिच्या हाताखालचा, तिने खाडी ओळखिली, खडक ओळखिला, धक्का ओळखिला, आणि धक्क्याच्या टोकास निमुळता सुरू होऊन खारवाडीवर रुंद पसरलेला पांढरा फराटा पाहिला, आणि म्हणाली, "ह्यो ढग कोणी धक्क्याला दावणीनं बांधलाय का रं बाबा?"

चिमाजीस हे पूर्वीच ठाऊक होते. उपग्रह दुसरे एक चित्र धाडी, त्यात काय गार आणि काय गरम ते दिसे. खरा ढग उंच असतो म्हणोन गार असतो, आणि हा तर समुद्राइतकाच गरम. त्याने पहिलेच दिवशी त्रिंबकरावांकडे जाऊन अर्ज केला होता, की साहेब, हा ढग गरम आहे. त्रिंबकराव म्हणाले, उन्हाळा तोंडावर आला आहे. मग चिमाजीने अर्ज केला, की ढग जागचा हलत नाही. तर म्हणाले, शांत स्वभावाचा असेल. मग अर्ज केला, की साहेब, तो जहाज भरणे सुरू जाहले की येतो आणि मागे धक्का बंद होता तेव्हां आला नव्हता. त्यावर त्रिंबकरावांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, चिमाजी, तुझा करार चैत्रात संपतो ना. आणि पुन्हा चष्मा घातला. येणेप्रमाणे शास्त्रचर्चा जाहली, आणि चिमाजी रोज ढग लिहीत राहिला, कारण घरी त्याचीही चूल होती.

ते सर्व ऐकोन धाकूबाई थेट दरबारात गेली. त्या दिवशी आम दरबार होता, महाराज फिर्यादी ऐकत होते, म्हणजे त्यांजपुढे फिर्यादी बोलत होते. मानकरी बसले होते, त्रिंबकराव होते, मेहुणेसाहेब सर्जेरावही जरीचा फेटा बांधोन उजवे हातास होते. बाईने सांगितले, की पाणी नाही, नऊ दिवस झाले, खारे पिऊन पोरांची पोटे चालली आहेत. त्रिंबकरावांनी उठोन निवेदन केले, की बाईचे गावावर सतत तेवीस दिवस ढग उभा आहे, वहीस नोंद आहे, ऐसा निष्ठावंत ढग दुसरे कोणत्याही राज्यास नाही, हे महाराजांचेच पुण्य. हे ऐकोन महाराजांची मर्जी बहुत प्रसन्न जाहली. मानकऱ्यांनी माना डोलाविल्या. सर्जेरावांनी सर्वांहून अधिक डोलाविली. मग धाकूबाई म्हणाली, "ढग हाय ना महाराज? मग उद्या दुपारी माझ्या होडीत बसा, त्या ढगाखाली जाऊन उभं राहू, आणि पडंल ते पाणी तुमी प्या. मी परत पाणी मागायला येणार नाय."

 सर्जेराव लगबगीने म्हणाले, दाजीसाहेब, समुद्रावर ऊन फार. महाराज म्हणाले, ढगाखाली ऊन कसे असेल. सर्जेराव फेटा सावरू लागले. आणि महाराजांच्या मनात तर निराळेच भरले, की आपल्या पुण्याचा ढग आपण अद्याप पाहिला नाही, त्याची पूजा केली पाहिजे. हुकूम जाहला.

दुसरे दिवशी, फाल्गुन शुद्ध चतुर्दशीस, महाराज शुभ्र अंगरखा घालोन, मागे छत्र, चवरी, एक पुजारी आणि त्रिंबकराव ऐसे होडीत बसले. होडीवर पाण्याचा हंडा कोणी घेतला नाही, कारण ढगाकडेच जाणे होते. सर्जेरावांनी धक्क्यास निरोप धाडिला होता की आज काम बंद ठेवा, परंतु त्यांचा निरोप्या वाटेत मेजवानीस बसला, आणि धक्क्यावर जहाज भरणे जोरात चालू राहिले. होडी लोटात शिरली. प्रथम पुजारी शिंकला, मग छत्रवाला शिंकला, मग त्याचे छत्र पाण्यात गेले. पूजेचे ताट पांढरे जाहले, कुंकू कोणते आणि अक्षता कोणत्या ते कळेना. महाराजांच्या भुवया पिकल्या, मिशा पिकल्या, फेटा जड जाहला. धाकूबाईने डोक्यावरून पदर घट्ट घेऊन होडी लोटाच्या मधोमध थोपविली, आणि अगदी बरोबर दीड घटिका थोपविली, न कमी न अधिक, कारण तिला वहीचे नाही, खोकल्याचे माप ठाऊक होते. त्रिंबकराव त्या स्थितीतही म्हणाले, की महाराज कर्पूरगौर दिसतात, साक्षात शंकर. महाराजांस उत्तर द्यावयाचे होते, परंतु तोंड उघडले की आत भुकटी जाई, मिटले की दातांत करकरे. शेवटी खुणेने पाणी मागितले. पाणी कोणाजवळ नव्हते.

होडी काठास लागली तेव्हां महाराज तसेच खारवाडीत चालत आले, आणि वस्तीतली पोरे त्यांस पाहून पळाली, आणि महाराज म्हणाले, "पाणी." वस्तीच्या बायकांनी विहिरीचे पाणी तांब्यात घालोन दिले, होते तेच दिले, अदब राखोन दिले. महाराजांनी घोट घेतला आणि थुंकले. मग तांब्याकडे पाहिले, बायकांकडे पाहिले, आणि पुसले की तुम्ही हेच पिता काय. धाकूबाई म्हणाली, तुमच्या वहीत आमी पाऊस पितो. महाराजांनी तांब्या खाली ठेविला. वाईट माणूस नव्हता. उंच जागी बसविला म्हणजे कोणासही खालचे दिसत नाही, त्यातला होता. जागेवरच हुकूम सांगितला, की चाळण मोडावी. खारवाडीस टँकर चालू करावे. सर्जेरावांनी भुकटीचे ढीग पाणी मारून ओले ठेवावे की धूळ उडू नये. आणि ज्या दिवशी वहीत या जागी धूळ असे लिहिले जाईल त्या दिवसापासून धक्का बंद, ढिगांवर पक्के छप्पर होईतोवर. इतके सांगोन महाराज स्नानास गेले, आणि तीन दिवस स्नानच करीत होते ऐसे म्हणतात.

इथे कोणास वाटेल बखर संपली. संपत नाही. हुकूम निघतो वाड्यातून, आणि मधल्या मध्ये त्याचे काय होते हे ज्याने भोगिले त्यास विचारावे. जलकचेरीत टँकर होते एकंदर आठ. सर्जेरावांनी जाऊन सांगितले, की ढीग ओले ठेवा हा महाराजांचा हुकूम, आणि मज पाणी पाहिजे, आणि आठही टँकर मजकडे लावा. जलकचेरीने हुकूम पाहिला, हुकूम खरा होता. आठही लाविले. खारवाडीसही हुकूम होता, परंतु त्यात किती टँकर हे लिहिले नव्हते, आणि शून्य हीही एक संख्याच. मग भरलेले टँकर खारवाडीच्या दारावरून ठिबकत ठिबकत धक्क्याकडे जाऊ लागले, आणि गोडे पाणी चुनखडीवर ओतू लागले, आणि बायका रिकाम्या हंड्यांनिशी दारात उभ्या राहून पाहू लागल्या. दोन दिवस पाहिले. तिसरे दिवशी धाकूबाई रस्त्याच्या मध्यावर पाट टाकून बसली, आणि तिच्यामागे वस्तीतल्या सर्व बाया बसल्या, कोणी बोंबील निवडीत, कोणी जाळे विणीत.

पहिला टँकर येऊन थांबला, मागे सातही थांबले. धक्क्याचा मुकादम धावत आला. त्यास बाई म्हणाली, की बाबा, ढिगाच्या पायथ्याशी अख्खा समुद्र हाय, तो उपसा आणि मारा, आमचं पाणी कशाला. मुकादम समजावणीच्या सुरात म्हणाला, की आजी, तुम्हांस समजत नाही, खारे पाणी चालत नाही, मालाची प्रत बिघडते.

धाकूबाई पाटावरून उठली. म्हणाली, "खारं पाणी तुझ्या दगडाच्या भुकटीला बाधतं, आन् माझ्या नातवंडांना बाधत नाय, ह्ये कोणत्या वहीत लिवलंय ते दाखव. मग रस्ता सोडते."

मुकादम टँकरवाल्याकडे पाहू लागला. टँकरवाला माणूस होता, त्याचेही घरी कोणी असेल, त्याने खाली उतरून स्वतः तोटी सोडली. मग मागच्यांनीही सोडली. त्या दिवशी खारवाडीत हंडे, कळशा, पिंपे, होड्यांचे तळ, जे जे पाणी धरील ते ते भरिले, आणि पोरांस पोट फुगेतो पाजिले, आणि दुसरे दिवशीही तैसेच, आणि तिसरे दिवशीही. सर्जेराव ओरडले, शिपाई बोलाविले. शिपाई आले, परंतु साठ बाया सुऱ्या घेऊन मासळी साफ करीत बसल्या आहेत ऐसे पाहून त्यांस दुसरे काम आठवले.

आता ढिगांस पाणी नाही. ढीग वाळले. चौथे दिवशी दुपारी उत्तरेचा वारा सुटला, आणि लोट पूर्वीहून मोठा उठला, आणि बरोबर दीडाचे सुमारास हरकारा आकाशातून गेला. चित्र आले. काळ्या समुद्रावर पांढरा फराटा, धक्क्याच्या टोकापासून खारवाडीपर्यंत, आंधळ्यासही दिसावा ऐसा. कचेरीत सर्जेराव स्वतः येऊन बसले होते. त्रिंबकराव चिमाजीच्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, ढग लिही. चिमाजी म्हणाला, चाळण महाराजांनी मोडिली. त्रिंबकराव म्हणाले, तू लिही, मी पाहून घेतो. चिमाजीने लेखणी उलटी धरून त्यांजपुढे केली आणि म्हणाला, "साहेब, आपण लिहा. खाली सही आपली करा. पदवी आपली आहे, माझी नाही."

त्या कचेरीचा जुना नेम, की मुख्य कधी वहीत सही करीत नसत. वाईट ठरले तर पारख्याचे आणि चांगले ठरले तर मुख्याचे, याच नेमावर त्रिंबकराव इतके वर चढले होते. त्यांनी लेखणीकडे पाहिले, मग सर्जेरावांकडे, मग छताकडे, मग म्हणाले मज शौचास जाणे आहे, आणि गेले ते सूर्यास्तापर्यंत आले नाहीत. सर्जेरावांनी चिमाजीस आधी गोडीने सांगितले, मग चैत्राची आठवण दिली. चिमाजीने लेखणी सुलटी केली.  आणि त्याने लिहिले, धूळ. खाली वेळ लिहिली, जागा लिहिली, गरम असल्याचे लिहिले, आणि माघ वद्य पंचमीपासूनचे सर्व ढग हे धूळ वाचावे ऐसेही लिहिले, आणि नाव लिहिले. वही हुजूर गेली. धक्का त्याच सायंकाळी बंद जाहला.

सर्जेरावांनी बहिणीकडे रड केली, राणीसाहेब महाराजांवर रुसल्या, महाराजांनी दोन दिवस एकटे जेवण केले, परंतु त्या तांब्याची चव त्यांच्या जिभेवर होती, ती गेली नाही, आणि हुकूम फिरला नाही. मग सर्जेरावांनी ढिगांवर पत्र्याचे छप्पर घातले आणि यंत्रास झाकण केले. जे होणे नाही ऐसे आठ वर्षे सांगितले, ते बावीस दिवसांत जाहले.

येणेप्रमाणे हकीकत. खारवाडीस रोज दोन टँकर चालू जाहले ते अद्याप चालू आहेत. त्रिंबकरावांस ढगचाळण मोडिल्याबद्दल बढती मिळाली. चिमाजीचा करार चैत्रात संपला तो पुन्हा लिहिला नाही, त्याने चालता चालता कचेरीचे खिडकीखालील बाकडे पुसून ठेविले, आणि खारवाडीत निरोप धाडिला की आता चित्र वाचणारे कोणी नाही. तेव्हांपासून रोज दुपारी सव्वा वाजता वस्तीतल्या दोन बाया पाळीने कचेरीत येतात, बाकड्यावर बसतात, चित्र येईतो थांबतात, आणि आपल्या डोळ्यांनी पाहून, वहीत काय लिहिले ते मोठ्याने वाचवून घेऊन मगच उठतात. त्यांस बोलाविलेले नाही. त्यांस उठा म्हणण्याची अद्याप कोणाची छाती जाहली नाही.